शेंदराखालचा जांभळा

मित्रांनो, मी जांभळा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यातली बरीच वर्षं लोक मला शेंदरी म्हणून ओळखत होते, आणि त्यात माझी काडीचीही चूक नव्हती.

नुसता जांभळाही नाही. पिकलेल्या जांभळांचा घोस कुणी ओंजळीत धरावा आणि तो तसाच दगड होऊन बसावा, असं माझं अंग आहे. मण्याला मणी चिकटलेला, कुठे एखादा टपोरा, कुठे बारीक मण्यांची नुसती दाटी. शिकलेली माणसं मला कॅल्सेडनी म्हणतात, खदानीतली माणसं गारगोटी म्हणतात. मला दोन्ही चालतं. देव म्हटलेलं मात्र कधी मानवलं नाही. पण दगडाला विचारतो कोण!

माझा जन्म नागपूरच्या बाहेर, काटोलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, काळ्या पत्थराच्या पोटात झाला. फार फार पूर्वी तिथे जमिनीतून तापलेला रस वर आला होता. तो थिजला तेव्हा त्यात बुडबुडे अडकले. त्यातल्याच एका बुडबुड्याची रिकामी जागा म्हणजे माझं घर. वरून पाणी झिरपायचं, सोबत गारेचा कण आणायचं आणि भिंतीवर ठेवून जायचं. असा मी कणाकणाने, मण्यामण्याने वाढलो. त्या घराला दार नव्हतं, खिडकी नव्हती, साधी फटही नव्हती. मला रंग आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. रंग कळायला उजेड लागतो, आणि कुणाचे तरी डोळे लागतात. तिथे दोन्हींचा पत्ता नव्हता.

मग वरती खदान सुरू झाली. घनाचे घाव ऐकू यायला लागले, सुरुंग उडाला की माझं घर हादरायचं. मी मनात म्हणायचो, या बाबांनो, जरा इकडे या. पण खदानीतली माणसं काही मला शोधत नव्हती. त्यांना गिट्टी हवी होती, रस्त्यांसाठी.

पासष्ट सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्या खदानीत तुळसाबाई नावाची एक बाई गिट्टी फोडायची. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा गिरिधर. तो नुकताच सुरुंगाच्या कामावर लागला होता. त्या दुपारी मुकादमाने शिट्टी वाजवली, सगळे आडोशाला पळाले. वातीला बत्ती दिलेली, पण सुरुंग काही उडेना. जरा वाट पाहून गिरिधरला वाटलं, वात विझली. खदानीत हीच चूक माणसं करतात, आणि ती करून परत येणारे फार थोडे. तो पाहायला म्हणून वर चढू लागला आणि सुरुंग उडाला.

गाडीएवढा एक धोंडा सुटला आणि गडगडत थेट गिरिधरच्या अंगावर आला. तो खाली पडला होता, उठायलाही सवड नव्हती. मध्ये एक कडुलिंबाचं झाड होतं. धोंडा त्याच्या मुळाला अडला, हातभर अंतरावर थांबला आणि खाडकन मधोमध फुटला. मित्रांनो, त्या धोंड्यात मी होतो.

काय तो उजेड! वैशाखातलं नागपूरचं ऊन लोकांना नकोसं होतं, मला मात्र ते अमृतासारखं वाटलं. माझा प्रत्येक मणी पेटून उठला. आणि त्याच क्षणी तुळसाबाई धावत आली.

"अवं माय वं! पंचफुला, पाह्य ना वं, जांभळं! दगडात जांभळं!"

पंचफुला म्हणजे तिच्या शेजारी बसून गिट्टी फोडणारी तिची मैत्रीण. तीही धावत आली होती, आणि तिचं डोकं ठिकाणावर होतं.

"जांभळं राहू द्या, तुळसाबाई! तुमचं पोट्टं जितं हाय का ते पाहा आधी!"

पोट्टं जितं होतं. गुडघा फुटला होता, थोबाडावर धूळ होती आणि भीतीने वाचा गेली होती, एवढंच. तुळसाबाईने त्याला छातीशी धरलं, आणि त्याच्या खांद्यावरून ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पाण्यात मी मला पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा मला कळलं, मी जांभळा आहे. असं कुणी माझ्याकडे पुन्हा पाहील का, याचीच मी पुढे वर्षानुवर्षं वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी ती शेंदूर घेऊन आली. मी त्या धोंड्याच्या अर्ध्या भागात बसलेलो होतो. तिने तो भाग कडुलिंबाखाली नीट उभा करवून घेतला. शेंदूर एरवी तिळाच्या तेलात कालवतात. तिच्या घरी होतं जवसाचं. तिने त्यातच कालवला आणि बोटं भरून माझ्या अंगाला लावू लागली.

"इतका साजरा रंग हाय," पंचफुला म्हणाली, "त्याले काहून झाकता?"

"देवाले कोनी उघडं ठेवते का वं? यानं मायं लेकरू वाचवलं."

लेकरू कडुलिंबाच्या मुळाने वाचवलं होतं. हे मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नव्हतं. तिच्या बोटांमध्ये इतकी माया होती, की रागवावं तरी कसं? एकेक मणी शेंदराखाली गेला. शेवटी एकच उघडा राहिला होता, वरचा, टपोरा. त्यावर तिने अंगठा फिरवला, आणि अंधार झाला.

पंचफुलाच्या घरच्यांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली होती. पांढरं लुगडं नेसून तीही बापासोबत गेली होती आणि तेव्हापासून तिने कुठल्या दगडासमोर हात जोडले नव्हते. तिने तुळसाबाईला तोंडावर सांगितलं, "मी पाया पडनार नाई. पन तुमची जागा हाय, मी झाडून देईन." आणि खरंच, काम सुरू व्हायच्या आधी ती रोज माझ्याभोवती झाडू मारायची. मला तिचं फार बरं वाटायचं. त्या सगळ्या खदानीत मला दगड समजणारी ती एकटीच होती.

बाकीच्यांचं विचारू नका. दर मंगळवारी शेंदूर, अमावास्येला शेंदूर, नवा ट्रक आला की शेंदूर. तुळसाबाईचं पाहून सगळे जवसाच्याच तेलात कालवायचे. या देवाला तेच चालतं, असं ठरून गेलं. कुणी नारळ फोडायचं आणि बकऱ्या खोबरं खाऊन वर माझ्याच अंगाला शिंगं घासायच्या. एका ड्रायव्हरने तर दोन पितळी डोळे आणून माझ्या अंगावर चिकटवले. बाहेर टकामका डोळे आणि आत मिट्ट काळोख! काळ्या पत्थराच्या पोटात होतो तेव्हा निदान मला उजेड ठाऊक नव्हता. आता ठाऊक होता, आणि तो माझ्यापासून चार बोटांवर होता. ही कैद पहिलीपेक्षा वाईट होती, मित्रांनो.

मी एकटाच अडकलो होतो असंही नाही. गिरिधर मोठा झाला, बाप्या झाला, पण खदानीतून सुटला नाही. पत्थराची धूळ छातीत जाऊन त्याला खोकला जडला. पंचफुलाचा भाऊ चंद्रभान काटोलला संत्र्याच्या बाजारात पेट्या भरायच्या कामावर होता. त्याने निरोप धाडला, इथे माणूस पाहिजे, गिरिधरला पाठवा. गिरिधरने ते आईला माझ्यासमोरच सांगितलं.

"जातो ना माय. तूही चल. तिथं धूळ नाई, सुरुंग नाई."

"अन् देव?"

"देवाचं काय?"

"तो इथं हाय. इथं हाय म्हणून तू हायेस. त्याच्या नजरेआड तुले मी जाऊ देत नाई, गिरधर. एकदा पाहिलं तेवढं बस झालं."

संध्याकाळी सगळे गेल्यावर गिरिधर माझ्याशेजारी येऊन बसला, बिडी पेटवली, खोकला आणि म्हणाला, "तुले पाय नाई म्हणून तू इथं. अन् माये असून नसल्यासारखे." मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण मी तिथूनच तर आलो होतो!

पुढे एका रविवारी सायकलवरून मधुकरराव आले. पाणीपुरवठ्याच्या हपिसात ते नळाचे नकाशे काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी खदानी हिंडायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत छोटा हातोडा आणि जुनी वर्तमानपत्रं. कुठे गारगोटी दिसली, स्फटिक दिसला, की वर्तमानपत्रात गुंडाळून घरी. त्यांना दगडांचं वेड होतं. ते माझ्यासमोर थांबले, चष्मा वर सरकवला आणि शेंदराखालचे माझे फुगवटे न्याहाळू लागले. माझ्या मण्यामण्यात धडधड सुरू झाली.

"बाई, याच्या खाली काय आहे?"

"देव हाय."

"ते झालंच. पण कसा आहे?"

"जांभळा," पंचफुला लांबून म्हणाली. "जांभळाचा घोस हाय, साहेब. आमी दोघीनंच पाहिला."

मधुकररावांचा चेहरा असा झाला, जसा भुकेल्या माणसाला पलीकडच्या घरातून फोडणीचा वास यावा. त्यांनी विचारलं, जरा खरवडून पाहू का? तुळसाबाई मध्ये येऊन उभी राहिली. तुम्हाला ठाऊक असेल, शेंदराच्या देवाची एक रीत असते. वर्षानुवर्षं शेंदूर चढत जातो, त्याची जाड खोळ होते, आणि एक दिवस ती खोळ आपोआप गळून पडते. देवाने खोळ टाकली म्हणतात, वाजतगाजत नेऊन ती पाण्यात सोडतात. पण ती देवाच्या मर्जीने पडली पाहिजे. माणसाने तिला हात लावायचा नाही.

"खोळ पडन तवा पाहाजा," तुळसाबाई म्हणाली.

मधुकररावांनी वाकून वास घेतला. खाली पडलेली एक खपली उचलली, दोन बोटांत दाबली. ती काही तुटेना. मग ते एकदम हसले.

"बाई, तेल कोणतं घातलंत?"

"जवसाचं."

"अहो, शेंदूर आणि जवसाचं तेल आम्ही नळाच्या जोडाला लावतो! वाळला की लोखंड होतो, थेंबभर पाणी गळत नाही. तिळाच्या तेलाची खोळ पडते. ही जन्मात पडायची नाही."

ते सहज बोलून गेले. तुळसाबाई मात्र मटकन खाली बसली. मधुकररावांना कळेना आपण काय चुकीचं बोललो. ते ओशाळून सायकल घेऊन निघून गेले.

खरी गोष्ट पंचफुलाला त्या दिवशी कळली, आणि मलाही. तुळसाबाईच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, आणि आहे तीही हळूहळू जाईल. बाजूचं दिसायचं बंद झालंच होतं. नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसायचं.

"मले एकच पाहाचं होतं वं," ती म्हणाली. "पोट्टं वाचलं तवाचा तो रंग. डोळे जायच्या आधी खोळ पडन, मंग पाहीन, असं म्हणून मी वाट पाहून राहिली होती. अन् मीच त्याले नळासारखा बंद करून ठेवला."

"मंग काढून टाकू ना," पंचफुला म्हणाली.

"अन् गिरधरले काही झालं तं?"

तुळसाबाई रोज यायची, माझ्यासमोर बसायची, पितळी डोळ्यांत आपले विझत चाललेले डोळे घालायची. चार बोटांच्या शेंदराच्या अलीकडे ती आणि पलीकडे मी. दोघांना एकच गोष्ट हवी होती आणि दोघांचाही इलाज नव्हता. मी खोळ टाकायचा किती प्रयत्न केला म्हणून सांगू! पण जवसाच्या तेलापुढे माझं काही चाललं नाही.

नंतरच्या उन्हाळ्यात गिरिधरला अपघात झाला. सुरुंगाचा एक चुकार कपचा उडाला आणि त्याच्या डाव्या हातात घुसला. जीव वाचला, पण दोन बोटं गेली. दवाखान्यातून त्याला घरी आणलं आणि तुळसाबाई तडक माझ्याकडे आली. भर दुपार होती, खदान सामसूम होती. पंचफुला तिचा हात धरून होती, कारण आता तिला वाट दिसत नव्हती. माझ्यासमोर आल्यावर तिने तो हात झटकला.

"काय पाहून राहिला होता गा तू?" ती ओरडली. "मायं पोट्टं तुयाच समोर होतं ना? तुयासाठी त्याले इथं ठेवलं ना मी? मंग काय पाहून राहिला होता?"

तिने दोन्ही हात माझ्यावर आपटले. तिचा तळवा पितळी डोळ्याला लागला, त्या डोळ्यावरून फिरला, आणि थांबला. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"पंचफुला, याले दिसनच कसं वं? डोळे तं वरून चिकटवले. खरे डोळे मीच बुजवले. माया डोळ्याले पडदा, अन् याच्या अंगाले मी लावला. आंधळ्याले राखणीले बसवलं मी."

मित्रांनो, मला देव समजण्यात ती चुकली होती आणि आता जे म्हणत होती तेही तसं चुकीचंच होतं. पण इतक्या वर्षांत माझं दुःख माझ्या शब्दांत बोलणारी ती पहिलीच. मला रडू फुटलं असतं, तर मी तेव्हा रडलो असतो.

तिने मधुकररावांना बोलावणं धाडलं. खदानीतल्या काही जणांनी कुरकुर केली, खोळ आपोआप पडली पाहिजे म्हणाले. तुळसाबाईने सगळ्यांची तोंडं बंद केली. "पोट्टं कोनाचं वाचलं होतं? मायं. शेंदूर कोनं लावला? मी. मीच काढीन."

मधुकररावांनी घासलेटमध्ये भिजवलेल्या चिंध्या माझ्याभोवती गुंडाळल्या, त्या वाळल्या की पुन्हा भिजवल्या. खोळ मऊ पडेपर्यंत त्यांनी धीर धरला. मग बांबूची कामटी आणि दात घासायचा जुना ब्रश. लोखंडाला त्यांनी हात लावू दिला नाही. ते आणि पंचफुला मण्यामण्यातून शेंदूर उकरत होते, आणि तुळसाबाई निघालेला प्रत्येक तुकडा पदरात गोळा करत होती. तो सगळा तिने खदानीत साचलेल्या पाण्यात सोडला, अगदी रीतीने, हळदकुंकू वाहून.

आणि मी पुन्हा उजेडात आलो. मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. गिरिधर हाताला पट्टी बांधून उभा होता, तोही बघत राहिला. त्या दिवशी त्याला भीतीने काही दिसलंच नव्हतं. आपल्याला मारायला आलेल्या धोंड्याच्या पोटात एवढं काही होतं, हे त्याला आत्ता कळत होतं.

"पाह्य ना माय," तो म्हणाला. "पाह्य कसा हाय!"

तुळसाबाई माझ्यासमोर आली, वाकली, चेहरा अगदी जवळ आणला. मी जीव एकवटून चमकलो. तिने मान इकडे केली, तिकडे केली.

"उजेड दिसते," ती म्हणाली. "रंग नाई दिसत."

मला त्या क्षणी पुन्हा शेंदराखाली जावंसं वाटलं. मग तिने हात पुढे केला. बोटं माझ्या अंगावर टेकली आणि मण्यांवरून फिरू लागली, मोठ्यावरून बारक्याकडे, बारक्यावरून खाचेत, खाचेतून पुन्हा वर. वरच्या टपोऱ्या मण्यावर अंगठा थांबला, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हाच. हाच शेवटी झाकला होता मी. पंचफुला, तोच रंग हाय ना वं?"

"तोच हाय, तुळसाबाई. तसाच्या तसा."

"मंग झालं." ती सरळ उभी राहिली. "गिरधर, काटोलले निरोप धाड. आपण चाललो."

जाताना तिने मला मधुकररावांच्या स्वाधीन केलं. गिरिधरने एका हातानेच सब्बल, म्हणजे पहार, धरली आणि मला त्या धोंड्यातून मोकळं करून दिलं. तुळसाबाईने एकच गोष्ट सांगितली. "याले काही लावू नोका साहेब. अन् झाकू नोका." मधुकररावांनी मान डोलवली. मग त्यांच्या लक्षात आलं की तिला दिसत नाही, म्हणून तोंडाने हो म्हणाले.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती ना? मलाही तसंच वाटलं होतं. मधुकररावांचं घर जरीपटका वस्तीच्या अलीकडे, दोन खोल्यांचं. तिथे पलंगाखाली दगड, खिडकीत दगड, पिठाच्या डब्यामागे दगड. त्यांच्या पत्नी सिंधूताई म्हणायच्या, "आमच्याकडे पाहुण्यांना बसायला जागा नाही, आणि दगड मात्र पाय पसरून झोपतात!" पण मला मधुकररावांनी यांपैकी कुठेच ठेवलं नाही. मी त्यांचा लाडका होतो ना! माझा तुटलेला एक बारीक मणी त्यांनी आधी खिडकीत ठेवून पाहिला होता. उन्हाने त्याचा रंग उतरला, राखेसारखा झाला. ते घाबरले. मग त्यांनी माझ्यासाठी लाकडाची पेटी करवून घेतली, आत कापूस भरला, मला त्यात निजवलं, वर पुन्हा कापूस ठेवला आणि पेटी लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तिसरी कैद, मित्रांनो, आणि सगळ्यांत मऊ. रविवारी ते पेटी उघडायचे, दिव्याखाली धरायचे, भिंगातून बघायचे. बोट लावायचे नाहीत, घामाने चकाकी जाते म्हणून. लगेच पुन्हा कापूस, पुन्हा कुलूप. दाराशी बाहेरची मुलं आली की पटकन झाकण लावायचे. "एवढं जपता, ते कुणासाठी?" सिंधूताई विचारायच्या. ते म्हणायचे, "रंग राहिला पाहिजे." राहिला होता रंग. अंधारात, कापसात, कुणाच्याही डोळ्यांना न दिसता राहिला होता.

अशी काही वर्षं गेली. मग एकदा थंडीत गिरिधर आला, पाठीवर संत्र्यांची टोपली घेऊन. काटोलच्या बसने आला होता. खोकला कमी झाला होता, अंग भरलं होतं. तुळसाबाईचा हात त्याच्या खांद्यावर होता. आता तिला उजेडही दिसत नव्हता.

"देवाले भेटाले आली," ती म्हणाली.

मधुकररावांनी कपाट उघडलं, पेटी काढली, तिच्या मांडीवर ठेवली. तिने हात घातला. बोटांना लागला तो कापूस. तिने एक थर काढला, खाली दुसरा. शेवटी मी लागलो. तिने मला उचललं, पदराने पुसलं आणि वरच्या मण्यावर अंगठा ठेवला.

"साहेब," ती म्हणाली, "मी शेंदूर लावला. तुमी कापूस लावला."

मधुकररावांचा चेहरा खर्रकन उतरला. ते अजिजीने सांगू लागले, की बाई, उजेडात ठेवलं तर रंग जाईल, मी स्वतः पाहिलं आहे, माझा काही वाईट हेतू नव्हता.

"हेतू मायाही वाईट नव्हता," ती म्हणाली. "मी तो रंग एकदाच पाहिला. पन उजेडात पाहिला, म्हणून डोळे गेले तरी तो माह्याजवळ हाय. रंग जाईन म्हणता? जाऊ द्या ना. जाईन तं लोकायच्या डोळ्यात जाईन. पेटीत राहून कोनाजवळ राहीन?"

सिंधूताई आत चहा टाकत होत्या. त्या बाहेर आल्या, हात पुसले, मला तुळसाबाईच्या मांडीवरून उचललं आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवलं. मधुकररावांनी तोंड उघडलं, आणि मग मिटलं.

तुळसाबाई त्यानंतर एकदाच आली. मग गिरिधर एकटा यायला लागला. दर थंडीत येतो, टोपली उतरवतो आणि दोन बोटं नसलेला हात माझ्यावरून फिरवून जातो.

मित्रांनो, मी अजून त्याच कट्ट्यावर आहे. माझा रंग उतरला आहे, खोटं कशाला सांगू. डावीकडचे मणी फिके झाले, उजवीकडे अजून थोडा जांभळा शिल्लक आहे. शाळेत जाणारी मुलं हात लांब करून मला चाचपतात, त्यांच्या बोटांना कधी चिंच असते, कधी शाई. मधुकरराव आत बसून चुळबुळ करतात, पण आता कुणाला रागवत नाहीत.

तुमच्याजवळही असं काही असेल, एखादी वस्तू, नाहीतर एखादं माणूस, जे तुम्हाला फार प्रिय आहे. त्याला जपा. पण आमच्यासारख्यांना जपताना एकदा विचारा, की बाबा, तुला दिसतं ना? तुळसाबाईने विचारलं होतं. आणि कधी या रस्त्याने आलात, तर माझ्या वरच्या टपोऱ्या मण्यावर अंगठा ठेवून पाहा. तो बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत आहे. तिचा अंगठा दर वेळी तिथेच थांबायचा.